हौशी पियानो स्पर्धेसाठी पीस कसे निवडावेत

नोकरी, घर, मुलं सांभाळून रोज तासभर पियानोवर बसणाऱ्यांसाठी आता जगात बऱ्याच ठिकाणी स्पर्धा होतात. पॅरिसची १९८९ साली सुरू झाली, अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची क्लायबर्न हौशी स्पर्धा १९९९ साली. क्लायबर्नला वय किमान ३५ लागतं आणि पियानो वाजवून किंवा शिकवून पोट भरणाऱ्याला प्रवेश नसतो. अशा स्पर्धांत काय वाजवायचं हे सहसा स्पर्धकानेच ठरवायचं असतं, आणि ग्रेडच्या परीक्षा देऊन आलेल्या माणसाला नेमकं हेच जड जातं. परीक्षेत छापील यादीतून तीन पीस उचलायचे असतात. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळात तर प्रत्येक पीसला ३० पैकी वेगळे गुण मिळतात, त्यामुळे एक फसला तरी दुसरा हात देतो. स्पर्धेत परीक्षक तुमची दहा-बारा मिनिटं सलग ऐकतात आणि मत बनवतात ते सगळ्या कार्यक्रमाबद्दल.

या लेखात पहिल्या फेरीचा कार्यक्रम कसा बांधायचा ते सांगितलं आहे. पुढच्या फेऱ्यांचं थोडक्यात शेवटी.

आधी नियमावली, मग स्वप्नं

नियमावलीतून पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या. फेरीची वेळमर्यादा किती, आणि त्यात दोन पीसमधली शांतता धरतात का. पाठ वाजवायची सक्ती आहे की समोर स्कोअर, म्हणजे लिहिलेलं संगीत, चालतो. एका फेरीत वाजवलेला पीस पुढच्या फेरीत पुन्हा चालतो का (बहुतेक ठिकाणी नाही). सोनाटाची एकच मूव्हमेंट, म्हणजे एकच भाग, वाजवता येते का. आणि अर्ज पाठवल्यावर यादी बदलता येते का, येत असेल तर कोणत्या तारखेपर्यंत.

शेवटचा मुद्दा बरेच जण वाचतच नाहीत. आपल्याकडच्या मैफलीत गायक समोरची माणसं पाहून, वेळ पाहून राग बदलू शकतो. इथे काही महिने आधी लिहून दिलेलं त्याच क्रमाने वाजवावं लागतं. त्यामुळे अर्जाच्या दिवशी जो पीस ‘अजून थोडा बसायचाय’ तो यादीत घालू नका. अर्जासोबत व्हिडिओ मागत असतील तर ते सोयीचंच समजा. बिनजोड, एका टेकमध्ये ज्याचं चित्रीकरण देता येत नाही तो पीस अजून तयार नाही, हे तिथेच कळतं.

हात आणि पियानो मोजा

पियानोची एक पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. म्हणजे सप्तकासाठी अंगठा आणि करंगळी यांच्या मध्यांत सुमारे १६५ मिलिमीटर अंतर लागतं, दहाव्या सुरासाठी सुमारे २११. आता पियानोवर बसून सप्तक धरा आणि मधली दोन बोटंही सुरांवर ठेवा. अंगठ्याच्या बुंध्याशी ताण येतो का पाहा. येत असेल, तर रखमानिनॉफचं जी मायनर प्रील्युड (ओपस २३, क्रमांक ५; ओपस म्हणजे त्या रचनाकाराच्या कामाचा क्रमांक) बाजूला ठेवा. तिथे उजव्या हाताला सप्तकाचे भरगच्च कॉर्ड एकामागून एक उडवायचे असतात. घरी एकदा वाजवलं तर जमून जातं. मंचावर ताण वाढला की चौथ्या मिनिटाला मनगट आखडतं. लहान हाताच्या माणसाला स्कारलाटी, हायडन, मोझार्ट, शूबर्टची काही इम्प्रॉम्प्तू, ग्रीगचे छोटे पीस आणि प्रोकोफिएव्हच्या ‘व्हिजन्स फ्युजिटिव्ह’ एवढं मोठं भांडार खुलं आहे. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं मोजमाप तुमच्या घरच्या वाद्याचं. बहुतेकांकडे डिजिटल पियानो असतो, काहींकडे उभा अपराइट. स्पर्धेत समोर येतो मोठा, आडवा कॉन्सर्ट ग्रँड. ग्रँडमध्ये पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता येतो. पियानो बनवणाऱ्या एरार्डच्या १८२१ सालच्या यंत्रणेची ही देणगी. अपराइटमध्ये पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. म्हणून स्कारलाटीचा डी मायनर सोनाटा, के. १४१ (के. म्हणजे रचनांच्या सूचीतला क्रमांक), ज्यात एकच सूर बोटं बदलत सारखा ठोकायचा असतो, अपराइटवर तयार करणं म्हणजे वाद्याशी भांडणं. भांडता भांडता जी जोरकस सवय लागते ती ग्रँडवर ऐन वेळी नडते.

डाव्या पेडलचंही तसंच. ग्रँडवर तो दाबला की सगळी पट्टी-यंत्रणा बाजूला सरकते आणि हातोडी कमी तारांवर पडते, त्यामुळे आवाजाचा रंगच बदलतो. अपराइटवर हातोड्या फक्त तारांच्या जवळ येतात. बऱ्याच डिजिटल पियानोंवर आवाज लहान होतो, एवढंच. ज्या पीसचा अर्धा जीव या पेडलवर आहे, उदाहरणार्थ डेब्युसीची बरीच प्रील्युड्स, तो निवडणार असाल तर अर्जाआधी निदान चार-पाच वेळा तरी ग्रँडवर बसायची सोय करा. संगीतशाळा, चर्च, हॉटेलची लॉबी, ओळखीचं घर, कुठेही चालेल. तासाभराचं भाडं द्यावं लागलं तरी द्या. आणि घरचं वाद्य लिव्हिंग रूममध्ये समुद्राकडच्या खिडकीखाली असेल तर पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. त्या चार महिन्यांत एखादा पीस जड वाटला तर आधी वाद्यावर संशय घ्या.

सहा पीसची कच्ची यादी

सहाच्या वर जाऊ नका. निम्मे पीस असे हवेत जे तुम्ही आधी शिकलात, सोडून दिलेत आणि आता पुन्हा काढताय. एकदा शिकून महिना-दोन महिने बंद ठेवलेला आणि मग पुन्हा बसवलेला पीस नव्या पीसपेक्षा ताणाखाली कितीतरी जास्त टिकतो. नवा पीस एकच घ्या, फार तर दोन.

अवघडपणाचा अंदाज घ्यायला जर्मन प्रकाशक हेन्ले आपल्या पुस्तकांतल्या प्रत्येक पीसला १ ते ९ असा जो आकडा देतात, तो बघा. चार लोकांसमोर आजवर जे नीट वाजवलंय त्यातल्या सर्वांत वरच्या आकड्याच्या एक पायरी खाली राहा. हा सल्ला कुणालाच आवडत नाही. पण अनोळखी हॉल, अनोळखी पट्ट्या, थंडगार एसी आणि पहिल्या रांगेत पेन घेऊन बसलेली माणसं मिळून तेवढी एक पायरी खातातच.

सगळ्यात अवघड पानापासून सुरुवात

पीस शिकायला लागताना आपण पहिल्या पानावर बसतो. पहिलं पान गोड असतं, दोन आठवडे मजेत जातात, जीव जडतो. मग शेवटची पानं येतात आणि तोवर सोडवत नाही. निवड करताना म्हणून उलटं जायचं. शोपँचा जी मायनर बॅलाड, ओपस २३, हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. हौशी वादकांचा तो देव आहे. एकूण २६४ मात्राखंड (बार), साडेनऊ मिनिटांच्या आसपास. मंद सुरुवात आणि वॉल्ट्झसारखी पहिली चाल मेहनती माणसाला काही आठवड्यांत येते. पण मात्राखंड २०८ ला शेवटचा तुकडा सुरू होतो, त्यावर ‘प्रेस्तो कॉन फुओको’, म्हणजे अतिजलद आणि आवेशाने, असं लिहिलंय, आणि तिथून शेवटपर्यंत डाव्या हाताच्या उड्या आणि उजव्या हाताचे वळणारे दुहेरी सूर थांबत नाहीत. हे येतं आठ मिनिटं वाजवून झाल्यावर, हात दमलेले असताना. परीक्षकांच्या कानात बॅलाडचा शेवटचा मिनिटच राहतो.

चाचणी अशी करा. फक्त ती शेवटची पानं घ्या. एक आठवडा, रोज २० मिनिटं, मेट्रोनोम लावून, ठरवलेल्या वेगाच्या ६० टक्क्यांवर. आठवड्याच्या शेवटी, सकाळी उठल्यावर, हात गरम न करता, तीनदा ओळीने वाजवा. खांदा वर न जाता, श्वास न अडकता तीनपैकी दोनदा नीट गेलं तर पीस यादीत राहील. नाही गेलं तर पुढच्या वर्षी. यादीतल्या सहाही पीसना हीच परीक्षा. मात्र अवघड पान प्रत्येकात वेगळ्या जागी लपलेलं असतं. बीथोवनच्या ‘पॅथेटिक’च्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये ते ग्राव्ह, म्हणजे मंद गंभीर सुरुवात, संपून वेग आल्याबरोबर सुरू होतं: डाव्या हाताची थरथरती सप्तकं. कोपरापासून हात कडक ठेवून ती वाजवणाऱ्याचा हात पहिला भाग संपेपर्यंत लाकूड होतो, आणि ग्रँडची पट्टी घरच्यापेक्षा जड असली तर त्याआधीच. शूबर्टच्या ई फ्लॅट मेजर इम्प्रॉम्प्तूमध्ये (ओपस ९०, क्रमांक २) वेग ठरवायचा तो उजव्या हाताच्या सळसळत्या तिप्पट सुरांवरून नव्हे, मधल्या बी मायनर भागावरून. तो भाग ज्या वेगाला पायात पाय घालून पडत नाही तोच तुमचा वेग. रेकॉर्डिंग ऐकून उचललेला वेग त्या रेकॉर्डिंगवाल्याचा.

शोपँच्याच फँटेसी-इम्प्रॉम्प्तूबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण यादीत तो हमखास असतो. तेवढ्याच वेळात उजव्या हाताला आठ सूर, डाव्याला सहा, हा हिशोब सवयीने जुळतो. त्यावर महिना घालवून लोक समजतात की पीस आला. मग लक्षात येतं की मधला सावकाश भाग, जिथे काहीच अवघड नाही, तिथेच वादन उघडं पडतं. एकच चाल पुन्हा पुन्हा येते आणि दरवेळी तशीच वाजते. ज्याला ती चाल प्रत्येक वेळी थोडी वेगळी म्हणावीशी वाटते त्यानेच हा पीस घ्यावा.

सोपं दिसणारं, जिंकून देणारं

ब्राम्सचा ए मेजर इंटरमेझो, ओपस ११८, क्रमांक २, १८९३ साली छापला गेला. सहा मिनिटांचा, वेग मध्यम, उड्या फारशा नाहीत. बोटांना धोका कमी, कानाला काम जास्त. वरची चाल बहुतेक वेळ करंगळी आणि अनामिकेत असते, म्हणजे हातातल्या सगळ्यात दुबळ्या बोटांत. घरच्या डिजिटलवर ती आपोआप ऐकू येते, मोठ्या ग्रँडवर खालचे सूर तिला गिळतात. उपाय साधा आहे: तालमीत वरची चाल मोठी आणि बाकी सगळं अगदी हळू, जवळजवळ न वाजल्यासारखं, असं रोज दहा मिनिटं. मधल्या एफ शार्प मायनरच्या भागात तीन विरुद्ध दोन, म्हणजे एकाच वेळात तीन सूर आणि दोन सूर, असा ताल येतो. तो मोजल्यासारखा वाजला की गाणं थांबतं. असे पीस हौशी माणसाला फायद्याचे पडतात, कारण चाळिशीच्या माणसाकडे अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याची बोटं नसतात, पण ऐकण्याची समज असते. ग्रीगचे ‘लिरिक पीसेस’ त्याच जातीचे. दहा संचांत ६६ तुकडे आहेत, म्हणजे कुणाच्याही हाताला बसेल असं काहीतरी त्यात सापडतंच.

परीक्षकांनी हजारदा ऐकलेला पीस टाळावा का? टाळायची गरज नाही, पण दोन एकत्र नकोत. डेब्युसीचा ‘क्लेर द ल्यून’ आणि त्यावर फँटेसी-इम्प्रॉम्प्तू असा कार्यक्रम ओळखीच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा वाटतो. एक ओळखीचा आणि त्याच्या शेजारी एक कमी ऐकलेला, हे प्रमाण चांगलं. कमी ऐकलेला म्हणजे विचित्र नव्हे. हायडनचे सोनाटे लोक फार कमी वाजवतात, आणि त्यांत विनोद असतो, जो स्पर्धेच्या हॉलमध्ये दुर्मीळच असतो.

वेळेचा हिशोब

समजा मर्यादा १२ मिनिटांची आहे. स्कारलाटीचा ई मेजर सोनाटा, के. ३८०, सगळे रिपीट (भाग पुन्हा वाजवायच्या खुणा) घेऊन पाच ते सहा मिनिटं घेतो. पहिल्या भागाचा रिपीट घेतला आणि दुसऱ्याचा सोडला तर सुमारे चार. त्यापुढे ब्राम्सचा इंटरमेझो, सहा. शेवटी प्रोकोफिएव्हच्या ‘व्हिजन्स फ्युजिटिव्ह’मधला दहावा, खट्याळ तुकडा, सुमारे एक मिनिट. बेरीज ११. पीसच्या मधल्या दोन शांतता प्रत्येकी १५ सेकंदांच्या, म्हणजे साडेअकरा. वर अर्धा मिनिट शिल्लक राहतो, आणि तेवढा राहिलाच पाहिजे. कारण बऱ्याच ठिकाणी वेळ संपली की घंटा वाजते आणि वादन मध्येच थांबवतात. ज्या कार्यक्रमाची बेरीज बरोबर १२ येते तो १२ मिनिटांच्या फेरीसाठी लांब आहे.

हे आकडे माझ्याकडून किंवा यूट्यूबवरून घेऊ नका, स्वतःचे काढा. सगळा कार्यक्रम तीन वेगवेगळ्या दिवशी सलग रेकॉर्ड करा आणि तिन्हींपैकी सर्वांत लांब वेळ धरा. मंचावर नाडी वाढते तशी जलद पीसची वेळ कमी होते, पण सावकाश पीस काही जणांचे उलट रेंगाळतात. रिपीट घ्यायचा की नाही हे त्याच दिवशी स्कोअरवर पेन्सिलीने लिहून टाका. ऐन वेळी ‘घेऊ का’ असा विचार मनात येणं म्हणजे पुढच्या ओळीत विसरण्याची तयारी.

क्रम

पहिला पीस थंड हातांनी वाजणारा हवा. पट्ट्या किती खोल जातात, पेडल कुठे धरतो, हॉल किती घुमतो, हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात शिकायचं असतं. तेवढ्यात बोटांवर फार भार नको. के. ३८० ची ती शिंग फुंकल्यासारखी सुरुवात यासाठी उत्तम. शूबर्टचं इम्प्रॉम्प्तू पहिल्यांदा घेणं धोक्याचं, कारण त्याला पहिल्याच सेकंदाला पळावं लागतं.

दोन पीसच्या मूळ सुरांचं (ई मेजर, ए मेजर वगैरे) नातंही जुळवा. वरच्या उदाहरणात ई मेजरनंतर ए मेजर येतो, म्हणजे घरी आल्यासारखं वाटतं. दहा मिनिटांची मर्यादा असेल आणि हात मोठा असेल तर मोझार्टची डी मायनर फँटेसी (के. ३९७, साडेपाच मिनिटं) आणि त्यापुढे तेच रखमानिनॉफचं जी मायनर प्रील्युड (सुमारे चार) अशी जोडी बसते. फँटेसी नावाला डी मायनर असली तरी संपते डी मेजरमध्ये, आणि डी मेजरचा कॉर्ड जी मायनरचं दार उघडतो. म्हणून इथे शांतता लांबवू नये. पाच-सहा सेकंदांत प्रील्युड सुरू करावं. याउलट सी शार्प मायनरनंतर लगेच सी मेजर आला तर ऐकणाऱ्याचा कान क्षणभर गोंधळतो, तिथे जास्त थांबा किंवा क्रम बदला.

शेवट मोठ्याच आवाजात व्हायला हवा असं नाही. बंद मात्र नीट व्हायला हवा. ज्या पीसचा शेवट दहापैकी नऊ वेळा स्वच्छ लागतो तो शेवटी.

पाठ वाजवणार असाल तर

विस्मरण कुठे होतं हे आधीच सांगता येतं: जिथे एकच वाट दोनदा येते आणि दुसऱ्यांदा वेगळीकडे वळते. सोनाटाच्या पहिल्या भागातली दुसरी चाल परत येते तेव्हा ती दुसऱ्या सुरात असते. बोटं जुन्या सवयीने पहिल्या वाटेला लागतात आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला पोचता. असे फाटे ज्यात पाच-सहाहून जास्त आहेत तो पीस पाठ वाजवायला जोखमीचा. निवडलात, तर प्रत्येक फाट्याचे दोन-दोन मात्राखंड शेजारी शेजारी ठेवून वाजवा आणि पीसमध्ये सहा ते आठ उतरण्याच्या जागा ठरवा, जिथून डोळे मिटून कधीही सुरू करता येईल. स्कोअर चालत असेल तर लाज न बाळगता स्कोअर घ्या. मात्र पान उलटण्याच्या जागा निवडीच्या वेळीच बघा. जलद पीसमध्ये दोन्ही हात गुंतलेले असताना पान संपत असेल तर उलटायला माणूस किंवा पायाने चालणारा टॅबलेट लागेल, आणि तो चालतो का हे आयोजकांना विचारावं लागेल.

पुढच्या फेऱ्या

मोठ्या स्पर्धांत दुसरी-तिसरी फेरी २०-३० मिनिटांची असते, आणि काही ठिकाणी अंतिम फेरीत कॉन्चेर्टोची, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायच्या रचनेची, एक मूव्हमेंट. सगळं मिळून तासाभराचं संगीत होतं. नवखे इथे एक ठरलेली चूक करतात: सगळ्यात चांगला पीस अंतिम फेरीसाठी राखून ठेवतात आणि पहिल्या फेरीत घरी जातात. तुमचा हुकमी पीस पहिल्या फेरीतच वाजवा. पहिल्याच वर्षी तासभराचा कार्यक्रम तयार नसेल तर एकाच फेरीची छोटी स्पर्धा शोधलेली बरी. अर्धवट शिजलेले ४० मिनिटं पहिल्या फेरीच्या १२ मिनिटांचाही वेळ खातात.

अर्ज भरताना

प्रत्येक पीसपुढे रचनाकाराचं पूर्ण नाव, रचनेचं नाव, मूळ सूर, ओपस किंवा सूची क्रमांक, मूव्हमेंट आणि मिनिटं-सेकंदांत वेळ लिहा. नुसतं ‘शोपँ, नॉक्टर्न’ लिहिलं तर आयोजकांचा ईमेल येतो, कारण त्याचे वीसहून जास्त नॉक्टर्न आहेत. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’मधलं काही असेल तर पुस्तक पहिलं की दुसरं तेही लिहा, दोन्हींत प्रत्येक मूळ सुरात प्रील्युड आणि फ्यूग अशी जोडी आहे. परीक्षकांसाठी मूळ छापील प्रत मागितली असेल तर ती आताच मागवा. परदेशी पुस्तक दुकानात नसलं तर यायला आठवडे लागतात. ज्या रिपीटवर पेन्सिलीने काट मारली आहे तो वजा करूनच वेळ लिहिला आहे ना, हे पाठवा दाबण्याआधी एकदा पडताळून पाहा.